साहेब बदलले, आदेश तोच आहे

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. माझी वेतनश्रेणीची थकबाकी तीन महिन्यांत द्यावी, असा उच्च न्यायालयाचा आदेश होऊन आठ महिने झाले. कार्यालयात गेलं की 'साहेबांची बदली झाली', 'आम्ही अपिलात जातोय' हेच ऐकायला मिळतं. अशा अधिकाऱ्याला तुरुंगात पाठवता येतं का?

उत्तर : ताई, येतं. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे. सर्वोच्च न्यायालयाची मनाई असताना आरागिरण्यांना परवानगी दिली म्हणून २००६ मध्ये त्याच न्यायालयाने आपल्याच राज्याचे मंत्री स्वरूपसिंह नाईक आणि वन विभागाचे प्रधान सचिव अशोक खोत यांना एक-एक महिना कैद सुनावली होती. मात्र दिवाणी अवमानात, म्हणजे तुमच्यासारख्या आदेश न पाळण्याच्या प्रकरणात, सहसा दंडच होतो. कैद क्वचित.

'अपिलात जातोय' याला काडीचा अर्थ नाही. स्थगिती मिळाली असेल तर ती दाखवा म्हणावं. नुसतं अपील दाखल केल्याने आदेश थांबत नाही. निवृत्त माणसाला असं झुलवत ठेवतात, याची मला मनस्वी चीड आहे.

अवमान ठरतो तो जाणूनबुजून केलेल्या अवज्ञेने. म्हणजे आदेश साहेबांना माहीत होता, हे तुम्हाला दाखवावं लागेल. आदेशाची प्रमाणित प्रत जोडून सध्याच्या अधिकाऱ्याच्या नावाने पत्र द्या. आवक-जावक टेबलावर आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. कारकून 'साहेबांना सांगतो' म्हणाला, त्याला पुरावा म्हणत नाहीत. शिवाय स्पीड पोस्टानेही पाठवा. जबाबदारी व्यक्तीची असते, म्हणून अवमान अर्जात पद आणि नाव दोन्ही हवं. बदलून गेलेले साहेब त्यांच्या काळापुरते उत्तर देतील, नवे त्यांच्या.

आदेशाचं शेवटचं वाक्य मात्र नीट वाचा. 'रक्कम द्यावी' असेल तर मार्ग मोकळा. 'अर्जावर निर्णय घ्यावा' एवढंच असेल आणि त्यांनी तो फेटाळला, तर अवमान होत नाही. त्या नकाराविरुद्ध नवी याचिका करावी लागते. अनेकांची वर्षं इथेच वाया जातात.

अवमान अर्जाला एक वर्षाची मुदत आहे. तीन महिने संपल्यापासून तुमचे पाच महिने गेलेत. वकिलांची नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या. उत्तराला पंधरा दिवस पुरेत, मग त्याच उच्च न्यायालयात अर्ज करा.