बहिणीचा फोन उघडून दिला, म्हणून फॉरेन्सिक लॅब?

नमस्कार,

तुमच्या पत्रात मुलाचे बारावीचे मार्क आहेत, क्लासची फी आहे, ‘सरकारी लॅबमध्ये डिजिटल फॉरेन्सिकला’, म्हणजे फोन-कॉम्प्युटरमधले पुरावे तपासायच्या कामाला, ‘लावायचंच’ हा निश्चय आहे, पण मी अडकले ते मधल्याच एका वाक्यावर. ‘पोरगा एवढा हुशार की कॉलेजात जाणाऱ्या बहिणीच्या फोनचं लॉक काढून त्यानं मला सगळे चॅट दाखवले.’ हे तुम्ही अगदी कौतुकानं लिहिलंय, त्याच्या लायकीचा पुरावा म्हणून.

मला हे वाचून आधी तुमच्या मुलीची काळजी वाटली, मग मुलाची. एकोणीस वर्षांची मुलगी आहे, तिच्यावर संशय आला तर तिच्याशी बोलायचं सोडून तुम्ही धाकट्या भावाला कामाला लावलंत, आणि तो ‘नाही’ म्हणू शकला नाही कारण वडिलांनी सांगितलंय आणि वर शाबासकीही मिळतेय. परवानगी नसताना दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरणं आयटी कायद्याच्या कलम 43 मध्ये येतं, आणि हेतू अप्रामाणिक असेल तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्यावर कोणी केस करणार नाही हो, पण ज्या नोकरीसाठी तुम्ही त्याला तयार करताय तिथे अशा सवयीचा माणूस नको असतो. मुलीला सांगा काय केलंत ते. आणि त्यालाही तिच्यासमोर मोकळं होऊ द्या, सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकू नका.

आता तुमचा मुख्य गैरसमज. लॅबमधला एक्झामिनर म्हणजे पगारी हॅकर, असं तुम्ही धरून चाललाय. तिथे फोन येतो तो पोलिसांनी पंचनामा करून, सील लावून, सोबत पत्र घेऊन, आणि त्या पत्रात काय काय शोधायचंय ते लिहिलेलं असतं. आधी सील शाबूत आहे का ते बघायचं, पत्रातल्या सीलच्या नमुन्याशी ताडायचं, मॉडेल आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, नोंदवायचा, नेटवर्क तोडायचं म्हणजे बाहेरून कोणी डेटा पुसू शकणार नाही. हार्डडिस्क असेल तर राइट ब्लॉकर, म्हणजे डिस्कवर काहीही लिहू न देणारं उपकरण, मधे लावून तिची हुबेहूब कॉपी, म्हणजे इमेज, घ्यायची, मूळ डिस्क आणि इमेज दोन्हीचा हॅश, म्हणजे डेटावरून निघणारा ठशासारखा आकडा, जुळवायचा, आणि पुढचं सगळं काम कॉपीवर. लॉक उघडणं हा यातला एक छोटा भाग, तोही बहुतेक वेळा तयार टूलनं होतो, आणि कधीकधी होतच नाही, मग अहवालात तसंच लिहावं लागतं. खरा घाम निघतो तो अर्थ लावताना. एक साधं उदाहरण घ्या, फोनमधल्या ॲपच्या डेटाबेसमध्ये मेसेजची वेळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, आधारलेली असते, तिथे 21:10 निघाले तर आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे 2:40 झालेले असतात, म्हणजे साडेपाच तास मिळवायला विसरलात तर तारीखच बदलते, आणि आरोपी त्या रात्री कुठे होता याचं उत्तरही. मग कधीतरी, कदाचित काही वर्षांनी, समन्स येतं आणि बचावाचा वकील उलटतपासणीत नेमकं तेच विचारतो, की ही वेळ तुम्ही कुठून काढली, कुठल्या टूलनं, हॅश कुठे नोंदवलाय. जालन्याच्या 2014 च्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात व्हिडिओ रेकॉर्डिंग पुरावा म्हणून देताना सोबत लागणाऱ्या सर्टिफिकेटचा वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला होता, आणि 2020 मध्ये कोर्टानं सांगितलं की मूळ यंत्र हजर केलं नसेल तर सर्टिफिकेट लागणारच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये तर त्या सर्टिफिकेटच्या नमुन्यात हॅशही आलाय आणि तज्ज्ञानं भरायचा वेगळा भागही. थोडक्यात हे चिवट कागदी काम आहे. ज्याला नोंदी ठेवायचा कंटाळा, त्यानं इकडे फिरकूच नये.

रस्ता तुम्हाला माहितीच असेल: सायन्स, कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स किंवा फॉरेन्सिकची डिग्री, मग हवं तर सायबर फॉरेन्सिकमध्ये पुढचं शिक्षण, आणि राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाच्या किंवा केंद्राच्या लॅबच्या जाहिरातींवर लक्ष. पात्रता पदानुसार बदलते, तेव्हा डिग्री निवडण्याआधी जुन्या जाहिराती काढून नीट वाचा, यूट्यूबवरचे व्हिडिओ नकोत. गणितात मार्क काठावर आहेत म्हणताय, ठीक आहे, त्यानं काही बिघडत नाही.

आणि तो सहा महिन्यांचा एथिकल हॅकिंगचा क्लास, जो ‘सरकारी लॅबमध्ये डायरेक्ट नोकरी’ म्हणतोय? तिथे एक रुपयाही भरू नका. सरकारी भरती जाहिरात काढून होते, कुठल्याच क्लासवाल्याच्या हातात ती नसते, आणि असं आश्वासन जो देतो तो बाकी काय शिकवणार तेही कळलंच.

एक गोष्ट मात्र पूर्ण पत्रात मला कुठेच सापडली नाही, मुलाला स्वतःला काय करायचंय. ‘त्याला आवडेल’ असं तुम्ही लिहिलंय, पण ते वाक्यही तुमचंच. पुढचा मेल त्याला एकट्याला लिहू द्या, चार ओळी असल्या तरी चालेल, आणि तो तुम्ही पाठवण्याआधी वाचायचा नाही. त्यात फॉरेन्सिकचं नावही नसलं तरी मी उत्तर देईन.