वाचक विचारतात : राणीच्या दुसऱ्या लग्नाची भानगड

प्रश्न : इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीची फ्रेंच राणी कॅथरीन विधवा झाल्यावर कुणा सामान्य माणसाबरोबर पळून गेली म्हणे. ती माहेरी का गेली नाही? आणि ते लग्न कायद्याने ग्राह्य होतं का?

उत्तर : पळायला जागा होती कुठे? 1420 च्या इंग्लंड-फ्रान्समधल्या त्र्वा तहाने तिचं लग्न ठरवलं आणि त्याच तहाने तिच्या सख्ख्या भावाचा फ्रान्सच्या गादीवरचा हक्क काढून जावयाला दिला. 31 ऑगस्ट 1422 ला हेन्री वारला, ऑक्टोबरात वडील सहावे शार्ल गेले. भाऊ इंग्रजांशी लढतोय, आणि हिच्या पदरात वर्षाचंही न झालेलं पोर, तेच इंग्लंडचा राजा. कसलं माहेर!

पुढे तिचं नाव एडमंड बोफोर्ट या इंग्रज सरदाराशी जोडलं जाऊ लागलं, तशी दरबाऱ्यांची झोप उडाली. राणीचा नवरा म्हणजे बालराजाचा सावत्र बाप ना! मग 1427-28 च्या पार्लमेंटने ठरवलं, की राजाच्या परवानगीशिवाय त्याच्या विधवा आईशी लग्न करणाऱ्याची सगळी मालमत्ता जन्मभरासाठी जप्त. परवानगी राजानेच द्यायची, तीही सज्ञान झाल्यावर. राजा होता सहा वर्षांचा! याला मी तरी डांबरटपणाच म्हणेन.

पण ज्याच्याकडे जप्त करण्याजोगं फारसं काहीच नाही, त्याला जप्तीची कसली भीती? तुम्ही म्हणता तो सामान्य माणूस, ओवेन ट्यूडर, तसाच. तो वेल्श, म्हणजे वेल्सचा, आणि वेल्श माणसांवर तेव्हा इंग्लंडमध्ये कायद्याची नाना बंधनं होती. इंग्रजांचे हक्क त्याला 1432 मध्ये मिळाले. लग्न गुपचूप उरकलं, मुलंही झाली. जानेवारी 1437 मध्ये कॅथरीन बर्मन्डसीच्या मठात वारली, आणि मग ओवेनची रवानगी न्यूगेटच्या तुरुंगात झाली.

आता ग्राह्यतेचं. कायद्यातली शिक्षा नवऱ्याला होती, लग्न रद्द करणारी नव्हती. सहाव्या हेन्रीने तर ओवेनची मुलं एडमंड आणि जॅस्पर ट्यूडर या सावत्र भावांना उघडपणे जवळ करून अर्ल, म्हणजे बडे सरदार, केलं. या एडमंड ट्यूडरचाच मुलगा 1485 मध्ये सातवा हेन्री म्हणून गादीवर बसला.

विचारलं नाहीत तरी सांगतो. याच नातवाने लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमधलं, कॅथरीनला पुरलं होतं ते जुनं चॅपल (छोटं प्रार्थनागृह) पाडलं, आणि आजीचा मृतदेह पुढे कित्येक पिढ्या ॲबेतच उघडा राहिला. 1669 मध्ये सॅम्युअल पीप्स या इंग्रज रोजनिशीकाराने आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी तिचं चुंबन घेतलं आणि रोजनिशीत ते ऐटीत नोंदवलं! 1878 मध्ये कुठे तिला पाचव्या हेन्रीच्या चॅपलमध्ये नीट ठेवलं. ओवेनचं दफन मात्र हेरफर्डला.