आईला शुगर आहे, ग्लिमेपिराइड चालू आहे. जांभळाच्या बियांची पूड सुरू करून गोळी बंद केली तर चालेल का?

नाही, गोळी बंद करू नका. मी औषधाच्या दुकानात बसतो. जांभळाचा हंगाम आला की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा गोळी सोडायचंच असतं.

जांभळाची बी मधुमेहावर देण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. इन्सुलिन मिळू लागायच्या आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, युरोपातले डॉक्टरही ती वापरून बघत होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिने साखर उतरलेली दिसते, माणसांवरचा पुरावा मात्र तोकडा आहे. ब्राझीलमध्ये मधुमेहींना जांभळाच्या पानांचा चहा देऊन पाहिला. त्यांची साखर हलली नाही. ज्यांना ग्लायब्युराइडची (ग्लिमेपिराइडच्याच जातीची) गोळी दिली त्यांची उतरली. पानं आणि बी वेगळी, हे मान्य. तरी नेहमीची गोळी सोडावी एवढा भरवसा बीवर ठेवता येत नाही.

मला खरी काळजी वाटते ती दोन्ही एकत्र घेण्याची. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. त्यात पुडीचीही भर पडली आणि आईंनी नेमका उपास धरला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हाताला कंप, धडधड, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. शुद्धीत असतील तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर तपासा आणि बरं वाटलं की जेवायला घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा.

बाजारातली लेबल नसलेली सुटी पूड तर घेऊच नका. 'शुगरच्या देशी औषधात' साखर उतरवणारी ॲलोपॅथी गोळीच दळून मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. गुण लवकर येतो तो त्यामुळे!

फळ मात्र आईंना खुशाल द्या. जेवणानंतर दहाबारा जांभळं पुरेत. त्यातही साखर असतेच. जांभळं जास्त झाली तर तुरटपणामुळे पोट धरतं.

पूड द्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. ते हो म्हणाले तर सुरुवातीचे पंधरा दिवस उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहून ठेवा, म्हणजे मात्रा कमी-जास्त करायची ती त्यांना करता येईल. ऑपरेशन ठरलं तर पुडीचं सर्जनच्याही कानावर घाला.