नासाच्या उपग्रहावरच्या मोडिस या उपकरणाच्या माहितीवरून कोकण किनाऱ्याचे क्लोरोफिलचे नकाशे काढले, पण खाड्यांच्या तोंडाशी आकडे अवाच्या सवा येतात. असं का? आणि यावरून मासे कुठे आहेत ते कळेल का?

उपग्रह क्लोरोफिल मोजत नाही, प्रकाश मोजतो, आणि तो प्रकाशही बहुतांशी समुद्राचा नसतो. तुमचे आकडे बिघडण्याचं मूळ इथेच आहे.

वरून दिसणाऱ्या निळ्या प्रकाशात ९० टक्क्यांच्या आसपास वाटा हवेचा असतो, म्हणजे हवेतले रेणू, धूळ आणि धुरकं यांचा. पाण्यातून वर आलेला प्रकाश उरलेल्या दहाव्या हिश्श्यात. त्यामुळे हवेचा अंदाज एक टक्क्याने चुकला तर पाण्याच्या प्रकाशात ती चूक नऊ-दहा टक्क्यांची होते. हवेचा वाटा वजा केल्यावर निळ्याचं हिरव्याशी गुणोत्तर काढतात. क्लोरोफिल ४४३ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश खातं, ५५० च्या आसपासच्या हिरव्याला फारसं शिवत नाही. वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढलं की निळा घटतो, गुणोत्तर उतरतं आणि सूत्र क्लोरोफिलचा मोठा आकडा देतं.

आता हवेचा वाटा ओळखतात कसा? ७४८ आणि ८६९ नॅनोमीटरला, म्हणजे अवरक्ताच्या काठावर, स्वच्छ पाणी जवळजवळ काळं असतं. तिथे जे उजळ दिसेल ते हवेचं, असं धरून त्यावरून निळ्यातला हवेचा वाटा ठरवतात. खोल समुद्रात हे चोख चालतं. बाणकोटला सावित्रीच्या किंवा दाभोळला वाशिष्ठीच्या तोंडाशी पाण्यात गाळ असतो, आणि गाळ अवरक्तातही चमकतो. गणिताला ते धुरकं वाटतं. ते निळ्यातून गरजेपेक्षा जास्त वजा करतं, निळा शून्याजवळ किंवा थेट ऋण होतो आणि क्लोरोफिल २०-३० मिलिग्रॅम प्रति घनमीटर दाखवलं जातं. शिवाय खारफुटीचा आणि नदीतून आलेला कुजका पालापाचोळा पाण्यात पिवळसर विरघळलेलं द्रव्य सोडतो, तेही निळाच प्रकाश खातं. निळा कोणामुळे कमी झाला हे गुणोत्तराच्या सूत्राला कळत नाही. सगळा दोष ते प्लवकाच्या माथी मारतं.

म्हणून क्लोरोफिलच्या थराकडे जाण्याआधी त्याच फाइलीतले परावर्तनाचे थर उघडा. ४१२ किंवा ४४३ ऋण असेल तर तो पिक्सेल टाकून द्या, दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. ६४५ चं परावर्तन शेजारच्या खोल पाण्यापेक्षा बरंच जास्त असेल तर तिथे गाळ आहे. तिसरी खूण क्लोरोफिलच्या स्वतःच्या लाल प्रतिदीप्तीची (प्रकाश शोषून ते जो लाल उजेड परत सोडतं त्याची), ६७८ नॅनोमीटरची. मोडिसमध्ये ती वेगळ्या थरात मिळते, व्हिअर्स या तशाच दुसऱ्या उपकरणात हा पट्टाच नाही. क्लोरोफिल चढलेलं पण प्रतिदीप्ती सपाट, असं दिसलं तर आकड्यावर संशय घ्या. फार दाट गाळात मात्र ही खूणही फसवते.

तुम्ही चार किलोमीटरच्या तिसऱ्या पातळीच्या (ठराविक चौकटींत सरासरी काढून बसवलेल्या) तयार फाइली घेतल्या असाव्यात. किनाऱ्यासाठी त्या नकोत. त्या पिक्सेलात अर्धी जमीन येऊ शकते, आणि जमिनीचा उजेड शेजारच्या पिक्सेलांतही सांडतो. दुसऱ्या पातळीच्या (उपग्रहाच्या एकेका फेरीच्या), एक किलोमीटरच्या फाइली घ्या आणि किनाऱ्यालगतचे दोन-तीन पिक्सेल सोडा. खाडीच्या अगदी तोंडाशीच काम असेल तर सेंटिनेल-३ या युरोपीय उपग्रहावरचं ओल्सी हे उपकरण ३०० मीटरवर पाहतं. आपल्या ओशनसॅट-३ (२६ नोव्हेंबर २०२२ ला सोडलेला) वरचा ओसीएम कॅमेरा १३ पट्ट्यांत साधारण ३६० मीटरवर पाहतो आणि दुपारी बाराच्या सुमारास जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेल्या नासाच्या पेस उपग्रहाचा पिक्सेल एक किलोमीटरहून थोडा मोठा आहे, पण तो ५ नॅनोमीटर रुंदीच्या बारीक पट्ट्यांत रंग वाचतो. प्लवकाचे गट वेगळे करायचे असतील तर तोच घ्या.

दुसऱ्या पातळीची फाइल पायथनच्या एक्सअॅरे या लायब्ररीत उघडली की रिकामी दिसते, आणि पुष्कळ जण डाउनलोड बिघडलं समजून ती पुन्हा उतरवतात. फाइल ठीक असते. परावर्तन आणि क्लोरोफिल ‘जिओफिजिकल डेटा’ या गटात असतात, अक्षांश-रेखांश ‘नॅव्हिगेशन डेटा’ या गटात. उघडताना गटाचं नाव द्यावं लागतं. ‘जिओफिजिकल डेटा’ गटातच इशाऱ्यांचा थर असतो. त्यातला एकेक बिट एकेक दोष सांगतो: ढग, जमीन, सूर्याची चकाकी, भरकटलेला उजेड, हवेची दुरुस्ती फसणं. हा थर न लावता काढलेला नकाशा मी तरी वाचणार नाही. मोडिस चकाकी टाळण्यासाठी कलत नाही, त्यामुळे सूर्य कोकणाच्या डोक्यावर असतो त्या मे महिन्यात चित्राचा एक पट्टा चकाकीतच जातो.

सरासरी काढताना आणखी एक खड्डा आहे. क्लोरोफिलचे आकडे लॉगच्या मापात पसरतात. ०.२, ०.३ आणि ८ या तीन पिक्सेलांची साधी सरासरी २.८ येते, मध्यक ०.३. एका बिघडलेल्या पिक्सेलने पूर्ण महिना फिरवला. मध्यक किंवा लॉग घेऊन काढलेली सरासरी वापरा, आणि नकाशाची रंगपट्टीही लॉगचीच ठेवा.

पावसाळ्यात नकाशा रिकामा दिसतो त्याला कारण ढग. दृश्य प्रकाश ढगाआड जात नाही, आणि जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर आभाळ क्वचितच फाटतं. इथे सावध राहा: जुलैचा मासिक नकाशा भरलेला दिसला तरी तो एक-दोन दिवसांच्या फटींतून भरलेला असू शकतो. बिन केलेल्या (चौकटीनिहाय जमवलेल्या) फाइलींत निरीक्षणांची संख्या असते, ती बघा. ऑक्टोबर ते मे एवढाच अभ्यास ठेवलात तर तो प्रामाणिक ठरेल. अनेक वर्षांचा कल हवा असेल तर वेगवेगळे उपग्रह स्वतः जोडू नका. युरोपीय अवकाश संस्थेच्या प्रकल्पाने १९९७ पासूनची जुळवलेली मालिका तयार केली आहे, ती घ्या.

कधीकधी उलटा घोटाळा होतो आणि प्लवकाचा खरा बहर नकाशात भोक म्हणून दिसतो. फेब्रुवारी ते मे या काळात पश्चिम किनाऱ्याजवळ ट्रायकोडेस्मियमचे पट्टे येतात. या सूक्ष्मजीवांत हवेच्या पोकळ्या असल्याने ते पाण्यावर तरंगतात, लाकडाच्या भुशासारखे. तरंगता थर अवरक्तात इतका चमकतो की त्याला ढग समजून वगळलं जातं. शंका आली तर त्या दिवसाचं खऱ्या रंगाचं चित्र उघडून बघा. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात थंड, कोरडे वारे वरचं पाणी गार करतात, ते जड होऊन खाली जातं, खालची पोषकद्रव्यं वर येतात आणि बहर येतो. त्यातलं हिरवं नॉक्टिल्युका नावाचं एकपेशी प्लवक रात्री चमकतं, पण त्याचा हिरवा रंग त्याच्या पोटात राहणाऱ्या शेवाळाचा. क्लोरोफिलचा आकडा एकटा पाहून हे ओळखता येत नाही.

माशांबद्दल. उपग्रहाला मासा दिसत नाही, माशाचं अन्न जिथे तयार होतं ती जागा दिसते. हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र) मासेमारीच्या संभाव्य जागांचा सल्ला देतं तेव्हा क्लोरोफिलसोबत पृष्ठभागाचं तापमानही घेतं, आणि दोन पाणी जिथे भिडतात ती सीमारेषा शोधतं. क्लोरोफिलचा नुसता मोठा आकडा म्हणजे मासळी, हे समीकरण धरू नका. प्लवकावर प्राणिप्लवक पोसायला दिवस-आठवडे जातात, मग बांगड्याची पाळी. बंदरावरच्या मासळीच्या नोंदींशी ताडून पाहायचं तर हा विलंब धरून बघा. शिवाय नोंद मासा उतरवल्याच्या बंदराची असते, पकडल्या जागेची नसते. आणि उपग्रह फक्त वरचा थर पाहतो, गढूळ पाण्यात एक-दोन मीटर, निळ्याशार पाण्यात वीस-तीस मीटर. त्याखालचा प्लवकाचा थर त्याला दिसत नाही.

आकडे ताडायला पाणी स्वतः घ्याच. उपग्रह जाण्याच्या आधी-नंतर तीन तासांच्या आत, वरच्या थरातलं. मोडिस ज्यावर आहे त्या एक्वा उपग्रहाची वेळ पूर्वी दुपारी दीडच्या आसपास असे, आता ती उशिराकडे सरकते आहे, तेव्हा फाइलीतली वेळ बघूनच होडी काढा. ०.७ मायक्रॉनच्या काचतंतूच्या गाळणीतून मंद उजेडात गाळा: स्वच्छ पाणी एक-दोन लिटर, गढूळ पाव लिटरही पुरतं. गाळणी फॉइलमध्ये गुंडाळून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा. घरगुती फ्रीझरमध्ये दीर्घकाळ ठेवल्यास क्लोरोफिल मोडतं. मग ९० टक्के अॅसिटोनमध्ये अंधारात, थंडीत २४ तास. उपग्रहाच्या बाजूने एकच पिक्सेल घेऊ नका. भोवतीची ३ गुणिले ३ ची चौकट घ्या, आणि त्यातले निम्मे पिक्सेलही शाबूत नसतील तर त्या दिवसाची जोडी सोडून द्या.