सलामानंतरचं बोलणं

प्रिय मुली,

सलाम.

पुण्याहून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. “चर्चमध्ये उपासना सुटली की दारात सगळे सलाम करतात, ‘कशी आहेस’ म्हणतात आणि मी तोंड उघडायच्या आत पुढच्या माणसाकडे वळतात.” हे वाचून मला लागलं, कारण इथे नगरला मीही कित्येक वर्षं असंच विचारत आले.

चर्चची मंडळी बदलायचा विचार जरा बाजूला ठेव. दर रविवारी सगळ्यांना भेटायचा प्रयत्नही सोड. एकाच माणसापाशी थांब, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी जा. कुणाच्या घरी दुःख असेल तर काय बोलावं याची काळजी करू नकोस. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाच्या तिघा मित्रांना आपण नेहमी नावं ठेवतो. पण ते आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढं त्यांनी अगदी बरोबर केलं. बिघडलं ते पुढे, तुझ्या दुःखाचं मूळ तुझ्याच पापात आहे, असं त्याला पटवायला लागले तेव्हा.

आता एक गोष्ट सांगते, ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. माझा धाकटा दारूच्या नादी लागला तेव्हा मी एका बाईंजवळ मन मोकळं केलं. पुढच्याच बुधवारच्या सभेत तो ‘प्रार्थनेचा विषय’ झाला, नावासकट. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आज कळतं. पण पाच महिने मी देवळाची पायरी चढले नाही. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले, मी चहा दिला आणि हवापाण्याचं बोलले. मला परत आणलं ते आमच्या गल्लीतल्या एका आजींनी. दर गुरुवारी मेथीची जुडी घेऊन यायच्या आणि माझ्याबरोबर निवडत बसायच्या. मुलाचं नावसुद्धा काढायच्या नाहीत. चौथ्या की पाचव्या गुरुवारी मीच बोलायला लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे आपल्या दोघींतच ठेवू ना?” त्या गेल्या, पण ती गोष्ट त्यांच्या तोंडून कधीच बाहेर आली नाही.

म्हणून कुणी तुझ्यापाशी बोललं, तर प्रार्थनेसाठीसुद्धा पुढे सांगण्याआधी त्याला विचार.

भांडणाचं थोडक्यात सांगते. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात क्रम दिलाय: आधी एकट्यानं, त्याच माणसाकडे जायचं. कमिटीकडे जाणं फार नंतरचं.

आणि माणसं आपल्यासारखी नाहीत म्हणून घाई करू नकोस. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900चा. ख्रिस्ती शेजारात राहायला आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं एका दिवसात सुटलं नाही. सुटलं ते आतून पटल्यावर.

तुझ्याबद्दल मात्र मला एक तक्रार आहे. शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा मुलांचा वर्ग, तू घेतेस, गायनाला तू, नाताळच्या सजावटीला तू. पण चार दिवस तापानं पडून होतीस आणि मंडळीत कुणालाच कळवलं नाहीस. प्रभू येशू शिष्यांचे पाय धूत होता तेव्हा पेत्रही असाच पाय मागे घेत होता, आणि प्रभूनं त्याला स्पष्ट सांगितलं की मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. दुसऱ्यासाठी धावणं तुला जमतं. कुणी तुझ्यासाठी पेज करून आणली तर ती संकोच न करता खायलाही शीक. तुझी गरज कुणाला दिसलीच नाही, तर तुझ्याजवळ कोण कसं येणार?

शेवटच्या बाकावर एकटे बसणाऱ्या काकांबद्दल तू लिहिलंस, पण त्यांचं नाव तुला अजून माहीत नाही. या रविवारी विचार. आणि ताप पुन्हा आला का, तेही कळव. शनिवारी गाडीनं येणाऱ्या कुणाबरोबर तुला शेंगदाण्याची चटणी पाठवते.

तुझी,
मावशी