नाशिकहून कॅम्परव्हॅनने कुटुंबासह डोंगराजवळ मुक्काम कुठे करावा?

लहान मुले आणि वयस्कर आईवडील बरोबर असताना कॅम्परव्हॅनने एक-दोन रात्री डोंगराजवळ राहायचे असेल, तर भंडारदऱ्याला शेंडी गावाच्या आसपास मुक्काम करावा. घोटी-बारी रस्त्याने ते नाशिकहून साधारण दोन तासांवर आहे आणि एकीकडे आर्थर जलाशय, दुसरीकडे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर असल्याने ज्यांना चढायचे नाही त्यांचाही दिवस छान जातो. मात्र येथील बहुतेक कॅम्प तंबूंसाठी उभारलेले असल्यामुळे गाडीसाठी वेगळी वीज, पाणी व सांडपाण्याची सोय गृहीत धरू नये. आरक्षणापूर्वी फोनवर पुढील गोष्टी विचाराव्यात:

- गाडी उभी करायला सपाट, मुरूम टाकलेली जागा आहे का? काठावरच्या ओल्या मातीत जड गाडीची मागची चाके रुततात.
- एसी चालेल असा १६ अँपिअरचा पॉइंट मिळेल का?
- रात्री महिलांना व मुलांना वापरता येईल असे स्वच्छ, उजेडातले स्वच्छतागृह जवळ आहे का?

भांड्यांचे साबणपाणी जलाशयात मुळीच सोडू नये आणि थंडी कितीही असली तरी बंद गाडीत शेगडी पेटती ठेवून झोपू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे पाहायला फार गर्दी होते. त्या दिवसांत जवळच्या घाटघर, साम्रद या गावांकडच्या अरुंद रस्त्यांवर मोठी गाडी नेणे टाळावे.