जर्मनीतलं वर्कशॉप विकत घेऊ का?

प्रश्न: आमचं भोसरी एमआयडीसीत सीएनसी शॉप आहे, ३५ माणसं. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे पार्ट करतो, निम्मा माल एकाच जर्मन कस्टमरला जातो. त्याच्या जवळच एक छोटं वर्कशॉप विकायला आहे, मालकाचं वय झालंय आणि पोरांना धंदा नकोय. धाकटा भाऊ म्हणतो मी जाऊन राहतो, तू लोन काढ. घ्यावं का?

उत्तर: आधी एक सांगा, तुम्ही तिथे मशिनं विकत घेताय की गिऱ्हाईक? कारण मशिनं तर भोसरीतही मिळतात, आणि स्वस्तात.

आपल्या पुण्यातलीच दोन उदाहरणं बघा. मुंढव्याच्या भारत फोर्जने २००४ साली जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस ही अडचणीत आलेली फोर्जिंग कंपनी घेतली, तिच्याबरोबर तिथल्या कारवाल्यांचा धंदा हातात आला आणि तोच कस्टमर तिकडूनही आणि इकडूनही माल घेऊ शकेल अशी सोय झाली. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉननेही २००७ ला जर्मनीच्या रीपॉवर या पवनचक्की कंपनीसाठी फ्रान्सच्या अरेव्हाशी चढाओढ करून बाजी मारली, पण ती कर्जावर, आणि पुढच्याच वर्षी जगभर मंदी. त्यात कंपनीचा मोठा हिस्सा हातात असला तरी छोटे शेअरहोल्डर आहेत तोवर तिथली टेक्नॉलॉजी नि पैसा मनासारखा वापरता येत नाही, जर्मन कायदाच तसा आहे. २०१२ ला परदेशी रोख्यांचे पैसे वेळेवर देता आले नाहीत आणि २०१५ ला रीपॉवर विकून टाकावी लागली. तरी बरं, सुझलॉन एवढी मोठी कंपनी होती म्हणून तरली, तुमचं-आमचं तर घर गहाण असतं.

तिसरा रस्ता बजाजचा. ऑस्ट्रियाच्या केटीएम या मोटरसायकल कंपनीत २००७ ला १४.५ टक्केच घेतले, मग वाढवत नेले आणि छोट्या ड्यूक चाकणला बनून युरोपात गेल्या. मला हा जास्त पटतो.

म्हणजे तुम्ही काय करायचं, तर आधी तिथे गोडाऊनमध्ये स्टॉक ठेवा. न्हावाशेवाहून निघालेला कंटेनर तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून गेला की दोनेक आठवडे वाढतात आणि कस्टमरची लाइन थांबली की डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचं बिल, तुम्हाला. दुसरं म्हणजे रिजेक्शन. चार पार्टवर बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची खरखरीत कड, राहिली तर अख्खा लॉट तिथल्या सॉर्टिंगवाल्याकडे जातो आणि तो तासावर युरो लावतो, ते बिल आलं की महिन्याचा नफा साफ. भाऊ तिथे बसून स्वतः पार्ट तपासून देत असेल तर त्याचा पगार त्यातच सुटेल.

त्या म्हाताऱ्या मालकाशी बोलणं मात्र तोडू नका. आधी वर्षभर त्याच्याकडून फिनिशिंगचं जॉबवर्क करून घ्या, त्याचे कस्टमर नावाने येतात की रेटने ते कळेल. पुढे घेतलंतच तर तो दोन वर्षं सोबत राहील असं लिहून घ्या. आणि बँकेत परदेशी गुंतवणुकीचा एफसी फॉर्म पैसे पाठवायच्या आधी भरायचा असतो, नंतर नाही, आणि तिथल्या लोनला इथल्या कंपनीची गॅरंटी दिलीत तर तीही रिझर्व्ह बँकेच्या परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेत मोजली जाते, तेव्हा सीएला आत्ताच विचारा.

भावाला मात्र जर्मन शिकायला या बॅचलाच मॅक्समुलर भवनला घाला, कारण तिथला पन्नाशीचा फोरमन काही त्याच्याशी इंग्लिशमध्ये भांडणार नाही.